वरनं कडबा

जिनगोंडा मगदूम दर बुधवारी कोडं आणून द्यायचे
लक्ष्मीपुरीतल्या आमच्या छापखान्यात,
जकातीच्या जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
घरं पट्टीनं आखलेली,
काळी घरं पेन्सिलीनं इतकी घासलेली
की कागद तिथं चकाकायचा.

मी पानं लावायचो, चुका धरायचो.
त्यांची एकही सापडायची नाही
म्हणून त्यांच्यावर डूख धरून होतो.

सूत्र सुचतं कसं, एकदा विचारलंच.
म्हणाले, "शिरोली नाक्यावर अठ्ठावीस वर्षं ट्रक उघडले मी.
वरनं कडबा, खाली टेरिकॉटचे तागे.
सूत्र म्हंजे ट्रकच की रे.
वाचणाऱ्याला कडबा दिसू दे,
वाससुद्धा कडब्याचाच येऊ दे,
पण पावतीवर तागेच लिवलेले पायजेत.
लबाडी करायची. खोटं बोलायचं न्हाई."

मग बशीतला चहा फुंकत मला पहिलं दिलं:
गरिबाला लगाम बसला,
त्याच्या काठावर गाव भेळ खात बसलं. तीन घरं.

मी सावकार बसवून बघितला, एक अक्षर घराबाहेर राहिलं.
गुलाम बसवला, तो बसला,
पण भेळ कुठली खातोय गुलाम?
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
कठड्यावर, हातात चिंचेच्या पाण्यानं भिजलेला कागद,
समोर तेच काळंशार पाणी,
आणि रंक उठून उभा राहिला, त्याला आळा बसला,
मी एकटाच मोठ्यानं हसलो.
शेजारचं जोडपं उठून
चार हात लांब जाऊन बसलं.

त्यानंतर गाव सरळ दिसेना.
तालमीच्या दारात थांबायचो:
इथं पैलवान घुमतात, नटही घोकतात.
मिसळीच्या पाटीवर हुकूम वाचायचो, एकत्र कर,
आणि पाळला की नाकातनं पाणी.
महाद्वारात दुकानभर टांगलेल्या,
पायात घालायच्या, आणि प्रत्येकीचा
मधला एक पाय मोडलेला.

त्यांच्या दोन्ही हातांवर कोड होतं.
बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत
पांढरी घरं, काळी घरं.
दोन अक्षरं, एक डाग, एक लाड,
आयता शब्द. इतक्या वर्षांत
त्यांनी तो कधी घेतला नाही.
मीही सुचवला नाही.

फुलेवाडीच्या कुणी सरनोबत बाई
दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकायच्या.
"नऊ उभे ओढूनताणून आहे."
"सतरा आडवे बरे, पण शिळे."
मगदूम ते तीनदा वाचायचे
आणि खिशात ठेवून द्यायचे, हिशेबाच्या चिठ्ठीसारखं.
दोघं कधी भेटले नाहीत.

महापुराच्या आठवड्यात छापखाना बंद.
त्यांचं घर सुतारमळ्यात, ते शाळेच्या वर्गात,
बाकावर पाय वर घेऊन.
पाणी उतरल्यावर कोडं आलं,
कागदाला चिखलाचा वास, एकच सूत्र नवं:
नदी उलटली की माणूस असा होतो. दोन घरं.

शनिवारी कार्ड आलं.
"सुटलं. सोडवायला नको होतं."

ते कार्ड त्यांनी खिशात ठेवलं नाही.
माझ्या टेबलावर तसंच राहिलं,
मी खिळा ठोकून भिंतीला लावलं.

आता त्यांना घरं दिसत नाहीत,
रेघा एकमेकींत शिरतात म्हणतात.
मी वाचून दाखवतो, ते डोळे मिटून मोजतात,
जोडाक्षराला एक बोट,
मोडक्या पायाला वेगळं घर नाही.

परवा माझं स्वतःचं पहिलं नेलं.
म्हटलं, ऐका:
दिशा विचारली, तर तेवढंच दिलं. तीन.

बराच वेळ बोलले नाहीत.
बाहेर कुणीतरी दुधाची किटली आपटली.
ओठ एकदा हलले, म्हणजे सुटलं होतं.

"कडबा कमी पडलाय," म्हणाले,
"तागे दिसायलेत."